रिलीव्हर येईपर्यंत

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

रात्रीची शिफ्ट करून सकाळी सातला झोपले होते. दुपारी पोस्टमन येऊन गेला, आईने सही करून पाकीट घेतलं आणि ते मला न दाखवता बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवलं. चारला उठून चहा घेताना म्हणाली, "सरकारी कागद आला तुह्या नावानं. मी नाही फोडला."

नियुक्ती आदेश. महसूल खातं, वर्ग तीन, जिल्हा गडचिरोली. प्रतीक्षा यादीत नाव होतं खरं, पण त्या यादीला मी लग्नातल्या मानाच्या पानासारखं धरलं होतं : नाव लिहिलेलं असतं, पान कधी येत नाही. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत रुजू व्हायचं, नाहीतर नियुक्ती आपोआप रद्द. म्हणजे १२ नोव्हेंबर.

आई रडली. मग लगेच डोळे पुसून विचारलं, "गडचिरोलीत कुठं?" ते आदेशात नाही, तिथे गेल्यावर कळणार.

रात्री लॉग-इन करायच्या आधी कंपनीचं नेमणूकपत्र शोधलं. चार वर्षांपूर्वी सही केलं तेव्हा पगाराचा आकडा सोडून काही वाचलं नव्हतं. कलम अकरा : कर्मचाऱ्याने नव्वद दिवसांची नोटीस द्यावी. त्याच परिच्छेदात पुढे, कंपनी तीस दिवसांच्या नोटिशीवर सेवा संपवू शकेल. तीनदा वाचलं. मी जाणार तर नव्वद, त्यांनी काढायचं तर तीस. सही माझीच आहे, प्रत्येक पानावर, खाली उजवीकडे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

राजीनाम्याचा मेल सकाळी ९.१० ला टाकला. शेवटचा दिवस ७ नोव्हेंबर धरावा, त्या आधी सगळं काम हस्तांतरित करून देते, असं लिहिलं. एच.आर. मॅडमचं उत्तर दुपारी : राजीनाम्याची नोंद घेतली, नोटीस कालावधी १२ जानेवारीला पूर्ण होतो, लवकर सोडण्यास मान्यता देणं व्यवस्थापनाच्या अखत्यारीत आहे. आणि तळाशी, मान्यतेविना काम थांबवल्यास आपणास 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' गणलं जाईल.

संध्याकाळी बाबा पहिल्या पाळीहून आले, जेवले, पडले, उठले. त्यांना मेल वाचून दाखवला. त्या एका शब्दावर अडले.

"मराठीत काय म्हणतात त्याले?"

"फरार."

"फरार!" ते खाटेवर उठून बसले. "अन् तू तर इथंच हायेस, बी टाइप क्वार्टरात."

हसले, पण थोडंच. बाबांची नोकरी वीज केंद्रातली, १९८९ ची. त्यांच्यापुढे मधूनच सोडणं हा शब्द काढायला मला दिवसभर धीर झाला नव्हता. म्हणाले, "नव्वद दिवस बसून कराचं काय असते?" मी म्हटलं, पुढचा माणूस शोधतात, त्याला शिकवायचं. "मंग तो माणूस किती दिवसांत येते?" मी म्हटलं, बहुतेक येतच नाही. माझं काम दोघांत वाटून देतात.

"म्हणजे रिलीव्हर नाही, अन् ड्यूटी सोडू देत नाही."

एवढं बोलून बातम्या लावल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज दीक्षाभूमीवर. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथेही धम्मदीक्षा झाली. म्हणून नागपूर करूनही आमच्याकडची माणसं चंद्रपूर चुकवत नाहीत. गडचिरोली, यवतमाळ, पार आदिलाबादहून गाड्या येतात. पुस्तकांच्या स्टॉलपाशी आई नेहमीप्रमाणे हरवली.

परत येताना ऑटोत तिने विषय काढला. "बाबासाहेबांनीबी बडोद्याची नोकरी मधीच सोडली होती. दहा वर्षांचा करार होता."

खरं आहे ते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याच्या करारावर सही केलेली. १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले. शिपाई लांबून फाइली टाकत. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा. दिवस बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई. त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलंय. करार दहा वर्षांचा, नोकरीचे महिने मोजायला गेलं तर एका हाताची बोटंही जास्त होतील.

बाबा पुढच्या सीटवरून वळले. "त्याहिले राहाले घर नाही भेटलं. हिले दर महिन्याच्या एक तारखेले पगार भेटून राह्यला. उदाहरण देताना पाहून देत जा."

आई गप्प. मीही. बाबांचंच बरोबर होतं. माझ्यावर कोणी काठी उगारलेली नाही. माझ्यावर फक्त एक एक्सेल शीट उगारलंय.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

बाबांच्या ओळखीचे वकील, सिव्हिल लाइन्समध्ये ऑफिस. आज ऑफिस बंद, तरी घरी बोलावलं. नेमणूकपत्र चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून वाचलं. मग जे सांगितलं ते आठवेल तसं लिहून ठेवते.

पहिलं म्हणजे कोर्ट मला धरून खुर्चीत बसवू शकत नाही. माणसाच्या अंगमेहनतीचा, अकलेचा करार असा जबरीने पाळायला लावता येत नाही, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम १४. "मालक म्हणू शकतो पैसे दे. ये असं म्हणू शकत नाही." पैसे किती, तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ : करारात आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही वरची हद्द.

मी खुशीत यायला लागले तर त्यांनी बोट वर केलं. याच वर्षी १४ मे रोजी सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या खटल्यात उलटी बाजू दाखवलीय. तीन वर्षं पूर्ण न करता सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची बँकेची अट वैध धरली. सरकारी बँकेला माणूस नेमायला जाहिरात, परीक्षा, मुलाखती, अख्खा खटाटोप करावा लागतो. मधेच माणूस गेला तर तो पुन्हा करावा लागतो, असं कोर्टाचं म्हणणं. "तेव्हा नोटीस म्हणजे नुसता कागद, या भ्रमात राहू नकोस."

ती विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. बडोदा काही पाठ सोडत नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी पेन्सिलीने खूण करून दाखवली. कलम अकरामध्ये 'नोटिशीऐवजी वेतन' असं आहे. वेतन म्हणजे कोणतं? मूळ की एकूण? व्याख्या कुठेच नाही. "ह्या एका शब्दावर तुझे चाळीस-पन्नास हजार इकडचे तिकडे होतील. भांडायचं तर इथं भांड. आणि मेलवरच भांड, फोनवर नाही."

फी विचारली. म्हणाले, "दिवाळीचं आहे, बोंडं पाठव." आई कोहळ्याचे बोंडं चांगले करते हे आख्ख्या कोर्टाला माहीत आहे बहुतेक.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

कॉलनीभर फटाके, आणि मी हेडफोन लावून. आज ऑन-कॉल माझा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आपली दिवाळी माहीत आहे, 'हॅपी दिवाली' म्हणतो आणि तिकीट उघडतो. त्याला सहज सांगितलं की सोडतेय. म्हणाला, मग दोन आठवडे? तिकडे रीत तेवढीच, तीही बहुतेक ठिकाणी शिरस्ता म्हणून, कायदा म्हणून नाही. मालकही तसाच, उद्यापासून येऊ नको म्हणू शकतो. नव्वद दिवस सांगितल्यावर त्याला मी चुकीचं इंग्रजी बोलले असं वाटलं.

साडेअकराला टीममधल्या सोलापूरच्या मुलाचा फोन. टीममध्ये रात्रीचे आम्ही दोघंच. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग, "ताई, राग मानू नका. डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. तुम्ही ७ तारखेला गेलात तर माझी सुट्टी गेली. मॅनेजर सरांनी आजच तसं सुचवलं."

माझ्या डोक्यात आतापर्यंत एका बाजूला कंपनी होती, दुसऱ्या बाजूला मी. हा पोरगा त्या चित्रात नव्हताच. कंपनीला माझ्यावाचून एक रात्रही अडणार नाही. ज्याचं अडणार आहे, त्याचं नाव नेमणूकपत्रात कुठेही नाही.

काय बोलावं सुचेना. "बघते" म्हटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

भाऊ पुण्याहून आलाय. त्याचं मत : "टाक आणि जा. सगळे टाकतात. लॅपटॉप कुरिअर कर, नंबर ब्लॉक कर." त्याच्या कंपनीत एकाने नोटीस पिरियडमध्ये तिसरी कंपनी पटकावली, दुसरीची ऑफर दाखवून पगार वाढवून घेतला, आणि शेवटी पहिल्याच कंपनीत राहिला. हे तो कौतुकाने सांगत होता. नव्वद दिवस लांबवण्यामागे कंपन्यांची भीती हीच असते आणि तिच्यामुळेच पोरांना तेवढे दिवस बाजारात उभं राहायला मिळतं. कोणी कोणाला शिकवलं कोण जाणे.

बाबा सुपारी कातरत ऐकत होते. मग सांगायला लागले. त्यांच्या तोंडून हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय, पण आज नीट ऐकलं.

पाळी बदलताना बाहेर जाणाऱ्याने आत येणाऱ्याला काय सांगायचं असतं, ते. ड्रमची लेव्हल किती. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर पाणी टर्बाइनकडे जातं; त्या काट्यावरून नजर हलवायची नाही. कोळशाच्या कोणत्या मिल चालू, कोणती बंद. आणि बंद असेल तर काऊन बंद. "डी मिल परमिटवर हाये, आत माणसं हायेत. हे मी सांगितलं नाही अन् घरी येऊन झोपलो. नव्या माणसाले लोड वाढवाचा हाये, त्याले वाटलं मिल मोकळी हाये. मंग?"

भाऊ म्हणाला, "इंटरलॉक असतो ना बाबा."

"असते. कुलूपबी असते. पण सांगाचंबी असते."

एकदा पावसाळ्यात रिलीव्हर चार तास आला नाही. पद्मापूरकडून येत होता, रस्त्यात वाघ बसलेला. एक एसटी आणि दोन ट्रक त्याच्या मागे उभे. मोबाइल नव्हते, म्हणून बाबांना काही कळलं नाही. ते जेवण न करता काट्यासमोर बसून राहिले. तो आला, दोघांनी लॉगबुकात सह्या केल्या, मग डबा उघडला. आता वाघाचा विषय इथे गंमतीने कोणी काढत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एक मुलगा नेला. तेव्हापासून अंधार पडला की कॉलनीतले रस्ते रिकामे.

रात्री सोलापूरच्या मुलाला मेसेज केला : सोमवारपासून रोज रात्री दोन तास बसू. एकूण एक गोष्ट देऊन जाते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्यात याला 'के.टी.' म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. कंपनीच्या साच्यात त्यासाठी एक फॉर्म आहे, वीस रकाने, त्यातले सोळा बिनकामाचे. काम कुठे अडतं हे लिहायला रकानाच नाही.

म्हणून मी दोनशे पानी वही घेतली आणि आधी हाताने लिहून काढलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी रात्री अडीचला चालणारा जॉब अडकतो. तो थांबवून पुन्हा चालू करायचा, पण त्याआधी बिलिंगचा जॉब संपलाय का ते बघायचं. न बघता चालू केला तर बिलं दुबार जातात. हे कुठल्याच दस्तऐवजात नाही. मला तीन वर्षांपूर्वी एका बाईंनी सांगितलं होतं, त्यांनाही कोणीतरी सांगितलं असणार. ही आमची डी मिल.

दोन रात्रींत एकोणीस गोष्टी निघाल्या. तो प्रश्न चांगले विचारतो. आज मधेच म्हणाला, "हे सगळं तुम्ही जानेवारीपर्यंत राहिलात तरी सांगितलं नसतं." खरं आहे. नव्वद दिवस असते तर पंच्याऐंशी दिवस मी टंगळमंगळ केली असती.

त्याच्या सुट्टीचं मॅनेजर सरांना स्वतः लिहिलं. उत्तर नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांचा शेवटचा दिवस. वयाची अठ्ठावन्न वर्षं, नोकरीची छत्तीस.

शेवटच्या दिवशी कोणी पाळी करत नाही. दहाला जातात, हार घालून घेतात. बाबांनी पहिली पाळी मागून घेतली. आईने डबा दिला, रोजच्यासारखा. मग दारातून परत बोलावून त्यात एक बोंड वाढवलं.

निरोप समारंभ अडीचला होता. आम्ही दोनलाच हॉलवर पोचलो. अडीच झाले, पावणेतीन झाले. स्टेजवर खुर्ची रिकामी, हार टेबलावर. साहेब दोनदा घड्याळ बघून गेले. आईचा चेहरा पडत चाललेला. तीनला बाबा आले, घामाघूम, त्याच खाकी शर्टात. रिलीव्हर वीस मिनिटं उशिरा आला होता. "त्याहिले वाटलं आज तुमचा शेवटचा दिवस, तुम्ही लवकर गेले असान." हे बाबांनी माइकवर सांगितलं, हॉल हसला, तो रिलीव्हरही मागच्या रांगेत हसत होता, कान लाल झालेले.

भाषणं झाली. एका साहेबांनी इतिहास सांगितला : १९८३ साली २१० मेगावॅटचा पहिला संच, आज तो आणि दुसरा दोन्ही निवृत्त, उरलेले सात मिळून २९२० मेगावॅट, महानिर्मितीचं सगळ्यांत मोठं केंद्र. बाबा लागले ते वीज मंडळात. ६ जून २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या, तेव्हा हेच लोक त्याच खुर्चीवर बसून दुसऱ्या मालकाचे झाले. कोणी राजीनामा दिला नाही, कोणी नोटीस दिली नाही, फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदललं. हे साहेब म्हणाले नाहीत, माझ्या मनात आलं.

घरी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळं आता चार झालीत आमच्याकडे, तीन इतरांच्या निरोपाची. क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं. आई आत्तापासून माळ्यावरची भांडी मोजतेय. पेन्शन म्हणजे १९९५ च्या योजनेतली, तिचा आकडा बाबा मोठ्याने बोलत नाहीत.

रात्री विचारलं, लॉगबुकात शेवटचं काय लिहिलं?

"काय लिहीन? चार्ज दिला. १४.२०."

३ नोव्हेंबर, सोमवार

एच.आर. मॅडमचा फोन. वकिलांचं आठवून मी म्हटलं, मेल करा. तरी वीस मिनिटं बोलल्या. आवाज तरुण आहे, माझ्याच वयाच्या असतील. शेवटी म्हणाल्या, "ऑफ द रेकॉर्ड सांगते, मीसुद्धा नोटीस पिरियडवर आहे." किती? "नव्वद."

सोलापूरकराची सुट्टी मंजूर झाली. माझ्या मेलमुळे नाही, त्याने स्वतः राजीनाम्याची धमकी दिली म्हणून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची रात्र पहाटे साडेपाचला संपली. वहीची पानं स्कॅन करून पाठवली, एकूण एकतीस मुद्दे. त्याला म्हटलं, वाचून 'मिळालं' असा मेल टाक, तारीख-वेळेसकट. त्याने टाकला : ५.४२. मग मी सगळ्यांना शेवटचा मेल पाठवला, त्याचा तो मेल खाली जोडून. 'फरार' म्हणायचं असेल तर हेही सोबत राहू दे.

लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र खोक्यात भरलं. दुर्गापूरच्या कुरिअरवाल्याने वजन केलं, पावती दिली. तिचा फोटो काढला. चार वर्षांची नोकरी दोन किलो सहाशे ग्रॅम.

सकाळी झोप येईना. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर राखेचा पातळ थर. मोहर्लीच्या रस्त्याने ताडोब्याच्या जिप्सी रांगेने चाललेल्या, उघड्या गाड्यांत स्वेटर घातलेले मुंबईचे लोक. सकाळची वेळ, आणि मला कुठेच लॉग-इन करायचं नाही. हात उगाच कानाशी जात होता, हेडफोन काढायला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रुजू झाले. बाबा सोबत आले, नको म्हणत असताना. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टी, पहाटेची एसटी. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. नदीचं पाणी उतरलंय, काठाला धानाची कापणी चालू, बांधावर भारे. पुढे दुसरी गाडी. गावाचं नाव इथे लिहीत नाही. डांबरी रस्ता आहे, नेटवर्क आहे-नाही असं आहे, शेजारी १९६०च्या दशकात वसवलेल्या बंगाली लोकांची वस्ती, तिथे मासे स्वस्त. आईला फोनवर पहिली हीच बातमी दिली.

कार्यालयात रुजू अहवालावर 'मध्यान्हपूर्व' लिहायचं असतं. मी वेळ लिहिली, ११.२५. क्लार्कने खोडून 'म.पू.' केलं. बाबा बाहेर चहा पीत होते, त्यांना सांगितलं. म्हणाले, "वेळ लिहाची सवय हाये तर राहू दे. खोडणारा खोडन."

ज्यांच्याकडून चार्ज घ्यायचा ते रजेवर. तोवर बसून राहा, फाइली वाचा. रात्री जागायचं नाही, हे अंगाला अजून पटलेलं नाही. दोनला टक्क जाग येते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शनिवार-रविवार घरी. कंपनीचा हिशेब आला, म्हणजे दुसरा. पहिल्यात वसुलीवर अठरा टक्के जीएसटीही लावला होता. तिथे मी ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १७८ क्रमांकाचं परिपत्रक जोडून पाठवलं : नोटीस न पाळल्याबद्दल कापलेल्या रकमेवर जीएसटी नाही, कारण ती कुठल्या सेवेची किंमत नव्हे. दुसऱ्या हिशेबात ती ओळ गायब. चूक झाली, असं कुठेही म्हटलेलं नाही.

उरलेला हिशेब वहीत मांडला. पाळलेले दिवस २५, राहिले ६५. शिल्लक रजा १४ वजा, राहिले ५१. एकूण पगार ४६,००० धरून त्यांनी ५१ दिवसांचे ७८,२०० लावले. माझा ऑक्टोबरचा अडवलेला पगार आणि नोव्हेंबरचे सात दिवस मिळून ५६,७३३. म्हणजे त्यांच्या हिशेबाने मीच २१,४६७ देणं लागते. मूळ पगार १८,४०० धरला तर वसुली ३१,२८० होते, आणि कंपनी मला २५,४५३ देणं लागते. दोन्हीकडची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. भांडण त्या पेन्सिलीने खूण केलेल्या शब्दाचं. वकिलांनी सांगितलं तसं मेलवर लिहिलं : राहिलेल्या दिवसांचे पैसे द्यायला ना नाही, पण मूळ पगाराने.

बाबांनी पेपर पुढे केला. काल, २१ नोव्हेंबरपासून चारही श्रमसंहिता लागू. वेतन संहितेत आहे की राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा. शिवाय वेतनाची व्याख्याही आली : भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

"पाय, तुह्यासाठी कायदाबी आला."

"मी सातला सोडलं बाबा. चौदा दिवस आधी."

त्यांनी पेपर परत घेतला, घडी घातली. "राहाची होती ना मंग पंधरा दिवस," म्हणाले, आणि आईकडे बघून डोळे मिचकावले. निवृत्त झाल्यापासून विनोद करायला लागलेत.

पी.एफ.मध्ये सोडल्याची तारीख कंपनीने अजून भरलेली नाही. दोन महिने थांबून ती मला स्वतःलाही भरता येते, ते जानेवारीत बघू. जानेवारीत, म्हणजे नव्वद दिवस संपतील तेव्हाच.

सोलापूरच्या मुलाची लग्नपत्रिका आली, व्हॉट्सअ‍ॅपवर. खाली लिहिलंय : मुद्दा क्रमांक ७ मुळे काल वाचलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज चार्ज घेतला. आधीचे काका दोन वर्षांत निवृत्त होणारे, घाईत. टाइप केलेली यादी पुढे सरकवली, "करा सही, सगळं आहे." मी म्हटलं, एकेक बघू या का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चहा सांगितला.

तीन कपाटं, एक लोखंडी पेटी, टेबलाचा खण. शिक्के चार, त्यातला एक झिजून अक्षर न उमटणारा. तो यादीत 'शिक्का एक' म्हणून होता, मी पुढे 'झिजलेला' लिहिलं. नोंदवह्या मोजल्या, पानं चाळली. काका आता रस घ्यायला लागले होते. प्रत्येक वहीबरोबर एखादी गोष्ट सांगायचे, या शेतात दोन भावांचं भांडण आहे, मोजणीला एकटी जाऊ नको. हा बांध नाल्याने खाल्लाय, नकाशात दिसत नाही. ते सगळं मी मागच्या पानावर उतरवून घेतलं. चहा दोनदा झाला.

शेवटी किल्ल्या. यादीत 'किल्ल्यांचा जुडगा १'. कुलपं पाच, जुडग्यात किल्ल्या सात. काका म्हणाले, "मी घेतला तेव्हाही सातच होत्या." उरलेल्या दोन कशाच्या, त्यांना माहीत नाही. त्यांच्या आधीच्यांनाही नसावं.

दोघांनी मिळून त्या दोन किल्ल्या कपाटांना, पेटीला, खणाला, बाहेरच्या फाटकाला, शेवटी संडासाच्या दारालाही लावून पाहिल्या. एक फाटकाच्या कुलपात अर्धी गेली आणि अडकली. खोबरेल तेल मागवलं.

बाबांचा फोन तेवढ्यात. "झाला काय चार्ज?"

"थांबा, किल्ली अडकलीय."

"मंग सही नको करू," म्हणाले.